डोकं मागं

खडेबाजारात भर दुपारी केशव हुक्केरीकर मास्तरांनी "रवळू!" अशी हाक मारली आणि पुढं चाललेला रवळू वळला, पण माणूस वळतो तसा वळला नाही. माणूस आधी मान वळवतो, मग वाटलंच तर खांदा, आणि पाय तर पुष्कळदा वळतही नाहीत. रवळू थांबला. त्यानं आधी एक पाऊल फिरवलं, मग दुसरं, आणि छातीसकट, खांद्यांसकट, काखेतल्या कडब्याच्या पेंढीसकट अख्खा फिरला. बोळात बैलगाडी वळवतात तसा. मग समोर आलेल्या तोंडानं तो हसला. मास्तरांचा हाक मारायला वर गेलेला हात तसाच राहिला. मागून येणारा टांगेवाला "ओ मास्तर, बाजूला व्हा की!" म्हणून खेकसला, तेव्हा ते एका कापडाच्या दुकानाच्या पायरीला सरकले. रवळू गेले आठ महिने जांबोटीकडं, आपल्या गावी होता. मान बरी झाली, उत्तम झाली, असंच येणारेजाणारे सांगत होते. बरी होणं म्हणजे काय, हे मास्तरांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"कधी आलास?"

"काल आलतो. डेअरीत पुन्ना घेतलं सायबानं. दुधाचे कॅन न्हाईत आता, गेटावर बसायचं." मिलिटरी डेअरीतला मणामणाचे कॅन दोन हातांत दोन उचलणारा हा गडी आता गेटावर बसणार होता, आणि ते तो बढती मिळाल्यासारखं सांगत होता.

"आणि मान?"

"लई झाक! दुखत न्हाय. फिरत न्हाय एवढंच. डाव्या हाताला मुंग्या येत्यात, पर त्या काय रोज न्हाईत." मग मास्तरांचा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. तो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मास्तर, तुमी उगंच जिवाला लावून घेताय. माझंच चुकलं हुतं. तुमी सांगितल्यागत डोस्कं मागं ठिवलंतं मी. पर आनी जरा मागं घ्याला पायजे हुतं. तितंच कमी पडलो."

"आणखी मागं म्हणजे?"

रवळूनं पेंढी पायरीवर ठेवली. गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून तो भर बाजारात पकडीच्या पवित्र्यात उभा राहिला. मान वळत नव्हती तशी वरही होत नव्हती, म्हणून उजव्या हातानं त्यानं हवेतच दाखवलं: हनवटी अशी वर, कपाळ असं आभाळाकडं, टाळू पार पाठीकडं. "आसं. डोस्कं मागं," तो म्हणाला. कापडाच्या दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. मास्तर म्हणाले, "बरं, बरं. जपून जा. संध्याकाळी मैदानावर ये," आणि रवळू पेंढी उचलून, पावलं फिरवून, पुन्हा अख्खाच्या अख्खा वळून निघून गेला.

मास्तरांच्या कोटाच्या खिशात चौघडी घातलेलं एक पत्रक होतं. त्याच्या तीनशे प्रती सकाळी छापखान्यातून आल्या होत्या आणि रग्बी मंडळाचे अध्यक्ष मारुतीराव वकील यांच्या कचेरीत पडल्या होत्या. 'रग्बी खेळणारांसाठी सुरक्षिततेच्या सूचना.' नऊ महिने त्यांनी या पत्रकासाठी जिवाचं रान केलं होतं. सूचना पहिली: 'धावत्या प्रतिपक्षीयास पकडताना पकडणाराने आपले डोके मागे ठेवावे.' उद्या शुक्रवारच्या सर्व्हिस मोटारीनं गठ्ठे निपाणीला आणि चिकोडीला जाणार होते. रविवारी निपाणीला सामना होता. तिथल्या तंबाखूच्या वखारींतले हमाल पहिल्यांदाच हा खेळ खेळणार होते. अंगानं एकेक जण दरवाजाएवढा, आणि लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसं. वाचता येणारा मोठ्यानं वाचेल आणि बाकीचे ऐकतील. डोके मागे ठेवावे. खडेबाजारच्या त्या पायरीवर उभ्या उभ्या मास्तरांना पंधरा आडदांड हमाल ओळीनं हनवट्या वर करून उभे दिसले. त्यांच्या कानशिलांतून घाम सुटला. मार्गशीर्षातली हवा होती, घामाचे दिवस नव्हते.

चालायला लागावं म्हणून ते चालायला लागले. पाय कँपाकडं वळले, कारण चौदा वर्षं शाळेतली कवायत संपली की ते तिकडंच वळत आले होते. कँपातच, गोऱ्या शिपायांच्या मैदानावर, त्यांनी हा खेळ प्रथम बघितला. अंड्यासारखा चेंडू काखेत मारून माणूस जीव घेऊन पळतो आणि दुसरा त्याला कंबरेत धरून आडवा करतो. बघताना त्यांच्या अंगावर काटा आला होता, पण मोडलेलं कुणी दिसेना. आणि इथं आमच्याकडं खानापूरच्या जत्रेत हुतूतू खेळताना दरसाल कुणाचा तरी गुडघा जायचा, खांदा निखळायचा, आणि बघणारे मिशीला पीळ देत म्हणायचे, "मर्दानी खेळ हाय, हातपाय मोडायचेच!" या वाक्याची मास्तरांना चीड होती. मोडायचेच कशाला? कुणी सांगितलं? शिकवायचा कंटाळा, बघायचा कंटाळा, आणि वर मर्दानीचं पांघरूण! म्हणून तर त्यांनी धीर करून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका सार्जंटला आपल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं होतं, की हे पडतात, आदळतात, मग यांच्या माना कशा शाबूत राहतात? सार्जंट लालबुंद, पोट सुटलेला, भला माणूस. तो म्हणाला, "चीक टू चीक, मास्टर!" मास्तरांना वाटलं, गालाला गाल. पळणाऱ्याच्या गालाला आपला गाल कसा लावणार? त्यांच्या तोंडावरचा गोंधळ बघून सार्जंट खदखदून हसला, पाठमोरा झाला आणि आपल्याच ढुंगणावर त्यानं फटकन थाप मारली. मग वाकून, एका शिपायाला धरून दाखवलं. तुझा गाल याच्या इथं. म्हणजे तुझं डोकं आपोआप याच्या मागं जातं. पुढं राहिलं तर त्याचा गुडघा आहे, त्याची मांडी आहे, खाली जमीन आहे. मागं काही नाही, मागं मोकळी हवा आहे. केवढी सोपी गोष्ट! मास्तर त्या रात्री आनंदानं दोन पोळ्या जास्त जेवले होते.

पण ही गोष्ट मंडळाच्या पोरांना सांगायची कशी? मंडळ काढलं होतं मारुतीरावांनी. कँपातल्या साहेबांना बरं वाटावं आणि जमलं तर रावसाहेबकी पदरात पडावी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. खेळाडू मात्र खरे मिळाले होते. डेअरीतला रवळू, तालमीतला नागोजी, आणखी असेच दहा-बारा, हुतूतूत नाव काढलेले. पहिल्या दिवशी मास्तर त्यांच्यापुढं उभे राहिले तेव्हा मारुतीरावही खुर्ची टाकून बसले होते, शेजारी त्यांचे दोन वकील मित्र होते, आणि मास्तरांच्या तोंडात तो शब्द आला आणि दातांशी अडला. मराठीतला अडला, कानडीतला तर त्याहून अडला. इंग्रजांचं बरं आहे, गाल म्हटलं की दोन्ही भागतं. मास्तर सात वर्षांचे असताना पेरूच्या झाडावरून पडले होते आणि रडत घरात येऊन "अप्पा, मी ढुंगणावर पडलो" म्हणाले होते. अप्पांनी आधी एक थोबाडीत दिली, आणि मग पाटीवर शंभर वेळा लिहायला लावलं: 'मी पडलो.' कशावर पडलो हे सांगायची सभ्य माणसाला गरज नसते, असं अप्पांचं म्हणणं. तेव्हापासून केशव हुक्केरीकरांना शरीराला मध्यभाग असा नव्हताच. कंबर संपली की गुडघे. कवायतीचा मास्तर, अंगाची विद्या शिकवणारा, आणि त्याच्या नकाशात एवढा मोठा मुलूख कोरा! तर त्या दिवशी त्यांनी स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "पकडताना डोकं मागं. काय? डोकं मागं!" मारुतीरावांनी मान डोलावली. सूचना सुटसुटीत होती.

बरं, दाखवलं नाही का? दाखवलं. पण दाखवलं ते झाडाला टांगलेल्या, पेंढा भरलेल्या गोणीवर, कारण जिवंत माणसावर एकदम नको, इजा होईल! दगड वेचून मैदान साफ केलं, बुटांचे खिळे ठोकून घेतले, कान झाकतील अशी मुंडाशी बांधायला लावली, खांद्याच्या वर हात घालणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवायचा नियम केला. एकही गोष्ट सोडली नव्हती. आणि गोणीवर काय शिकवलं? रस्त्यात मध्येच थांबून मास्तर स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, "गोणीला कुठं मागचं-पुढचं असतं, गाढवा?" समोरून येणारी भाजीवाली बाई चपापून बाजूला झाली. मागं! कुणाच्या मागं? शब्द त्यांनी अर्धा दिला होता आणि उरलेला अर्धा रवळूनं आपल्या परीनं भरून काढला. आपलं डोकं मागं. इकडं 'डोकं मागं घे' म्हटलं की माणूस डोकं मागंच घेतो, दुसरं करील काय? बाकीच्या गड्यांनी मास्तरांचं ऐकलंच नाही. ते हुतूतूत धरतात तसं वाटेल तसं धरत राहिले, रोज शिव्या खात राहिले, आणि त्यांच्या माना धड राहिल्या. तंतोतंत ऐकलं ते एकट्या रवळूनं. या विचारापाशी आल्यावर मास्तरांना कुणाला तरी मारावंसं वाटलं, आणि मारायला कुणी नव्हतं.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी रवळू पळत्या नागोजीला पकडायला गेला, ते त्यांनी प्रत्यक्ष बघितलंही नव्हतं. मारुतीरावांनी काहीतरी विचारलं म्हणून ते पाठमोरे झाले होते. फक्त आवाज ऐकला. वाळलेली फांदी पायाखाली यावी तेवढाच. वळून बघतात तर नागोजी गुडघा धरून उभा आणि रवळू उताणा, डोळे सताड उघडे, म्हणतोय, "मास्तर, हात कुठं गेलं माझं?" हात जागेवरच होते, त्याला जाणवत नव्हते. तीन आठवडे तो दवाखान्यात पडून होता. गावाहून त्याची आई रुक्माबाई आली होती. मास्तर रोज जायचे. बाई पदरानं त्यांच्यासाठी स्टूल पुसायची आणि म्हणायची, "तुमी हुता म्हणून वाचला माझा ल्योक. तुमी डोस्कं मागं घ्या म्हणून शिकवलंसा, न्हाय तर गेलाच हुता." आणि मास्तर, देवा रे, मास्तर मान खाली घालून ते कौतुक ऐकून घ्यायचे! त्यांना खरोखर वाटायचं, की आपण होतो म्हणून वाचला. मग दोष कुणाचा? दोष असलाच पाहिजे, नाहीतर पुन्हा ते 'मोडायचेच' आलं. मास्तरांनी मंडळाच्या कमिटीपुढं तावातावानं दोष शोधला. जमीन कठीण होती. पंच नेमला नव्हता. आणि नागोजीनं पळताना गुडघा मुद्दाम उचलला. हे शेवटचं त्यांनी लेखी दिलं. नागोजीला बोलावलं तेव्हा तो तालमीचा गडी, बोलायची सवय नसलेला, एवढंच म्हणाला, "पळताना गुडघा उचलतूयाच की मास्तर. न्हाय उचलला तर पळायचं कसं?" उत्तर किती बरोबर होतं! पण उद्धटपणा म्हणून लिहून घेतलं आणि वर्षभर त्याला मैदानावर बंदी झाली. त्यानंतर रोज संध्याकाळी तो मैदानासमोरच्या पुलाच्या कठड्यावर येऊन बसायचा आणि अंधार पडला की उठून जायचा. मास्तर त्याच्याकडं बघत नसत. रवळूची मान यानं मोडली, असा राग त्यांनी नऊ महिने जपून ठेवला होता आणि आता त्या रागाला जागा उरली नव्हती.

मारुतीरावांची कचेरी येताच ते सरळ जिना चढून गेले. वकील जेवून, पान जमवून बसले होते. टेबलाच्या कोपऱ्यावर सुतळीनं बांधलेला तीनशे पत्रकांचा गठ्ठा होता.

"यावं मास्तर! काय छापलंय हो! कलेक्टरसाहेबांना एक प्रत सकाळीच धाडली."

"वकीलसाहेब, पहिली सूचना चुकली आहे. ही पत्रकं वाटता येणार नाहीत."

"शुद्धलेखन का? चालतं हो."

"शुद्धलेखन नाही. अर्थच चुकलाय." मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. सांगताना ते दोनदा त्याच शब्दापाशी आले आणि दोनदा वळसा घालून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी पाठमोरं होऊन हातानं दाखवलं. मारुतीराव आधी बघत राहिले, मग इतके हसले की पान सावरायला तोंडावर हात घ्यावा लागला.

"आणि हे पत्रकात छापायचं? मंडळाच्या नावाखाली? अहो, बायकामुलींच्या हातात पडेल. फार तर 'पार्श्वभाग' घाला पुढच्या आवृत्तीत."

"निपाणीच्या हमालांना पार्श्वभाग म्हणजे काय कळणार? त्यांना गावाचं नाव वाटेल!"

"मग 'नितंब'?"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "वकीलसाहेब, रवळूची मान या सूचनेनं गेली. माझ्या सूचनेनं. नागोजीनं काही केलेलं नाही. त्याची बंदी उठवा, आणि हे थांबवा. रविवारी आणखी कुणाची तरी जाईल."

मारुतीरावांचं हसू थांबलं. त्यांनी पान गालात एका बाजूला सारलं. माणूस वाईट नव्हता, पण वकील होता. "हे बघा हुक्केरीकर, तुमची कळकळ मला कळते. पण ठराव झालेला, कागद साहेबांकडं गेलेला. आता आपणच म्हणायचं की आपल्या मास्तरनं चुकीचं शिकवलं? तुमच्या व्यायाम-निरीक्षकाच्या अर्जाचं काय मग? शिफारस माझीच आहे त्यावर. रवळूला पुन्हा नोकरी लागली, नागोजीचे तीन महिने राहिलेत, संपतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि निपाणीकर पत्रक वाचतात कुठं? चुन्याची पुडी बांधतील."

"वाचतील," मास्तर म्हणाले. "एखादा तरी वाचतोच. आणि वाचतो तोच मरतो." काहीतरी जळजळीत बोलावं, टेबल उलथावं, असं मनात आलं. चौदा वर्षं कमिट्यांपुढं, हेडमास्तरांपुढं, साहेबांपुढं त्यांच्या मनात असं येत आलं होतं आणि दर वेळी ते नमस्कार करून जिना उतरले होते. आताही त्यांनी नमस्कार केला. फक्त गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "मोटारीवर मी पोचवतो."

"वा! शिपायाची खेप वाचली. पण पत्रकाला हात लावू नका हं मास्तर."

गठ्ठा काखेत मारून ते मैदानाशी आले तेव्हा उन्हं कलली होती पण गडी जमायचे होते. पुलाच्या कठड्यावर नागोजीही अजून आला नव्हता. मास्तर त्याच्याच जागी बसले. सुतळी सोडली, खिशातून शाईची पेन्सिल काढून जिभेला लावली, आणि पहिल्या पत्रकावर 'मागे' या शब्दाच्या आधी काकपद काढून वर लिहिलं, 'त्याच्या'. मग पेन्सिल थांबली. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, घरी विनोदिनीबाईंसारखी शिकलेली बायको, शाळेत चारशे मुलं उभं राहून नमस्कार करणारी, आणि रस्त्याच्या कडेला बसून एक शब्द लिहिता येईना. अप्पा जाऊन वीस वर्षं झाली होती. तरी गाल गरम झाला. त्यांनी 'ढुं' लिहिलं, इकडंतिकडं बघितलं, आणि उरलेलं भरभर लिहून टाकलं. वाचलं: 'डोके त्याच्या ढुंगणाच्या मागे ठेवावे. गाल ढुंगणाला.' आभाळ जागेवर होतं. दुसरं घेतलं. दहाव्या पत्रकापर्यंत अक्षर बारीक, चोरटं येत होतं, विसाव्याला अक्षर सुधारलं, चाळिसाव्यानंतर तो हात, पाय, कोपर यांच्यासारखाच एक शब्द झाला, आणि तो एवढा साधा होता याचाच मास्तरांना इतका संताप आला की पेन्सिलीचं टोक मोडलं. शंभर वेळा लिहायला लावून अप्पांनी तो काढून घेतला होता. पन्नास पत्रकांवर दोन-दोनदा, शंभर वेळा लिहून तो परत मिळाला. मध्ये एक मान गेली.

"माझी जागा हाय ती," कुणीतरी म्हणालं. नागोजी उभा होता.

"नागोजी, मैदानावर चल."

"मला बंदी हाय."

"मी घातली, मीच उठवतो. चल म्हणतो ना!"

गडी जमले होते. रवळू झाडाखाली, टांगलेल्या गोणीजवळ उभा होता. नागोजीला बघून सगळे बाजूला झाले. रवळू तेवढा "ये की रं" म्हणाला. मास्तरांनी कोट काढून, रात्री घरी पुरा करायच्या गठ्ठ्यावर ठेवला, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "नागोजी, तिथनं पळत ये. माझ्या अंगावर. गुडघा उचलून, नेहमी पळतोस तसा."

"मास्तर, लागंल तुमास्नी."

"लागणार नाही. लागलं तर माझंच डोकं आहे."

नागोजी आला. आधी बिचकत, मग शेवटच्या दहा पावलांत तालमीतलं वजन घेऊन. मास्तरांचे डोळे मिटायला आले होते, ते त्यांनी उघडे ठेवले. खांदा मांडीला भिडवला, दोन्ही हात वेटाळले आणि आपला उजवा गाल, अख्ख्या मंडळीसमक्ष, नागोजीच्या ढुंगणाला घट्ट चिकटवला. दोघं धुळीत आडवे झाले. मास्तर वर होते. मुंडासं सुटलं होतं, दात धुळीनं भरले होते, आणि मान, त्यांनी वळवून बघितली, इकडं वळत होती, तिकडंही वळत होती.

"बघितलंत?" ते बसल्या बसल्याच ओरडले. "डोकं मागं म्हणजे ह्याच्या मागं! ह्याच्या ढुंगणाच्या मागं! ढुंगणाला गाल लावायचा. ढुंगणाला!"

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग जो हशा उठला, तो कँपाच्या रस्त्यावरच्या सायकलवाल्यांनीही थांबून ऐकला. हुक्केरीकर मास्तर, आणि ढुंगण! एकजण पोट धरून खाली बसला. रवळूही हसत होता, मान ताठ ठेवून, डाव्या हातानं ती सावरत.

"हसू नका," मास्तर म्हणाले. कुणी ऐकलं नाही. ते उठून उभे राहिले. "फाल्गुनात मला हेच सांगायचं होतं. शब्द तोंडातनं निघाला नाही. लाज वाटली मला. अर्धंच सांगितलं. रवळूनं जेवढं सांगितलं तेवढं केलं. नागोजीनं काही केलेलं नाही, मी खोटं लिहून दिलं. मान मी मोडली."

हशा एकेक करत थांबला. नागोजी अंगावरची धूळ झटकत होता, ती झटकायची थांबला. त्यानं मास्तरांकडं बघितलं नाही, रवळूकडं बघितलं. रवळूच्या तोंडावर हसू तसंच होतं, ते काढून घ्यायला त्याला वेळ लागत होता.

"एवढंच हुतं व्हय?" तो शेवटी म्हणाला. "आमी तर दिसातनं धा बारी म्हणतो त्यो शब्द. तवाच म्हणायचं की ओ मास्तर."

रवळू पावलं फिरवून नागोजीच्या मागं गेला. "हालू नगंस रं," म्हणाला, आणि गुडघे वाकवून, हात पसरून, जिवंत माणसावर नऊ महिन्यांनी त्यानं पहिल्यांदा पकड घेतली. सावकाश, शिकायला आल्यासारखी. खांदा बरोबर भिडला. हात बरोबर वेटाळले. मग गाल लावायचा होता. गाल लावायला मान जराशी वळवावी लागते. त्याचं कपाळ नागोजीच्या कंबरेवर टेकलं आणि तिथंच राहिलं. त्यानं खांदा सोडून पुन्हा घेतला, पाय बदलले, दुसऱ्या बाजूनं आला. कपाळच टेकलं.

"ऱ्हाऊ दे रवळ्या," नागोजी पुढं बघत, न हलता म्हणाला.

"थांब रं," रवळू म्हणाला, आणि तिसऱ्यांदा पाय बदलून उभा राहिला. "आता कळलंय मला."